अंबाजोगाईतील सज्ञान अपत्य आणि प्राप्तिकर

निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईला भारताचा १९२२ चा प्राप्तिकर कायदा, हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाल्यानंतर, १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. या कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंबाला, म्हणजे सामाईक मालमत्ता असलेल्या एकत्र कुटुंबाला, स्वतंत्र करदाता मानले असल्याने सज्ञान झालेला मुलगाही त्या घटकाचा सदस्य राहत असे, मात्र त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर वेगळा कर बसे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे निव्वळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांना या कराचा प्रश्न फारसा भेडसावत नव्हता. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०डीडीने अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्यासाठी, वयाची अट न घालता, पालकाला वजावट, अर्थात करपात्र उत्पन्नातील सूट, दिली.