वर्ध्याची बंदूक, दुर्गचा परवाना

स्मृतिनगरात माझे काका राहतात. वय ८४. १९६१ साली आर्वीहून भिलाईला आले, पोलाद कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि इथलेच झाले. त्यांच्या लोखंडी कपाटात एक एकनळी बारा बोअरची बंदूक आहे. आजोबांनी ती शेतात रानडुकरं येतात म्हणून घेतली होती. ते गेल्यावर ती रीतसर काकांच्या नावावर झाली. गेल्या तीस वर्षांत तिच्यातून एकही बार निघालेला नाही. काका वर्षातून दोनदा तिला तेल देतात, एवढाच तिचा व्यवहार.

यंदा परवान्याची मुदत संपत आली आणि काका म्हणाले, आता पुरे, कुणाला तरी देऊन टाकू. तिथून घरात वाद सुरू झाला. गोंदियाचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, "काका, मी गाडी घेऊन येतो न, तुम्ही फक्त कागदावर सही करून द्या. महाराष्ट्रात चालते तसं." शेजारच्या निवृत्त साहेबांचं म्हणणं, छत्तीसगढमध्ये खाजगी विक्रीला बंदीच आहे, दुकानदारालाच द्यावी लागते. अमेरिकेतल्या पुतण्याने सांगितलं, की लांब नळीच्या बंदुकीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, आधी दोन्ही राज्यांचे बघा. तिघेही खात्रीने बोलत होते आणि तिघेही चुकत होते. या चुकीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारांवर नजर ठेवायला सुरुवात केली. १८६० साली पहिला व्यापक कायदा आला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात जो कायदा झाला, त्याने हत्यार बाळगणं ही परवान्याची बाब केली. गोऱ्यांना सूट, काही राजेरजवाड्यांना सूट, कोडगूच्या लोकांना सूट; बाकीच्यांनी अर्ज करावा. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. तक्रार फक्त बंदुकीची नव्हती. आपल्यावर सरकारचा विश्वास नाही, हे त्या कायद्यात लिहिलेलं होतं, आणि ते बोचत होतं. १९३१ च्या कराची ठरावात तर हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता, अर्थात नियमांच्या अधीन राहून.

मग स्वातंत्र्य आलं आणि प्रश्न उलटा झाला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामथ मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले, म्हणजे आर्वी आणि दुर्ग या दोन्ही गावांचे प्रतिनिधी म्हणता येतील असे. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. कुणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार बिनअटकाव विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालवायचा कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती नामंजूर झाली. कालपर्यंत अपमान वाटणारा परवाना आता नव्या प्रजासत्ताकाची गरज ठरला. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत गेला, पाचव्या क्रमांकावर. तो तिथेच आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने १८७८ चा कायदा रद्द केला. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. कलम ४४ नुसार नियम करण्याचा अधिकार केंद्राचा. म्हणजे छत्तीसगढचा वेगळा बंदूक कायदा नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. अमेरिकेत खाजगी विक्रीचे नियम राज्यागणिक बदलतात हे खरं. पण पुतण्याने तिकडचा नकाशा इकडे पसरला होता. लांब बंदुकीला मात्र आपल्या कायद्यातही वेगळी जागा आहे. कलम १३ स्वसंरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक सांगतं ती किमान २० इंच नळीची, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची. शेतकऱ्याच्या खांद्यावर दिसेल असं हत्यार एकीकडे आणि खिशात लपेल असं दुसरीकडे, हा फरक कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असावा.

मग राज्यांचे नियम वेगळे असतात ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती आली परवान्यावरच्या शिक्क्यांतून. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत वर्धा आणि दुर्ग एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग भोपाळच्या मध्य प्रदेशात. १९६० साली वर्धा महाराष्ट्रात आला. १ नोव्हेंबर २००० रोजी दुर्ग छत्तीसगढमध्ये गेला, राजधानी रायपूर. आतेभावाचं गोंदियासुद्धा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं. आमच्या घरातल्या जुन्या कागदांवर मध्य प्रांत, मध्य प्रदेश, छत्तीसगढ असे शिक्के एकाखाली एक आहेत. बंदूक तीच, पण सरकारं बदलत गेली. पाहणाऱ्याला वाटणारच, की कायदाही बदलत गेला.

शिवाय व्यवहारात फरक खरोखर असतो. परवाना देतो जिल्हादंडाधिकारी, आणि तो कुठल्या हद्दीत चालेल हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. निवडणूक आली की अनेक जिल्ह्यांत बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. कुठे सक्तीने, कुठे छाननी करून. १९७२ चा वन्यजीव कायदा अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वेगळी नोंदणी करायला लावतो. त्यामुळे एका तालुक्यातला माणूस जे सांगतो ते त्याच्यापुरतं खरं असतं आणि शेजारच्याला खोटं वाटतं. कचेरीच्या सवयीला लोक राज्याचा नियम म्हणतात.

खाजगी विक्रीचं उत्तर कलम ५ मध्ये आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक विकायला दुकानाचा परवाना लागत नाही. तेव्हा शेजारचे साहेब चुकले. पण घेणाऱ्याकडे ती बाळगण्याचा परवाना हवा, आणि विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला आपला विचार व घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायला हवं. तेव्हा आतेभाऊही चुकला. त्याच्याकडे परवाना नाही. काकांनी नुसत्या सहीवर बंदूक दिली असती, तर राजनांदगाव ओलांडून पुढे महाराष्ट्राची हद्द लागायच्या कितीतरी आधी, या घराच्या फाटकातच गुन्हा पुरा झाला असता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून विकणाऱ्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, कमाल जन्मठेप. विनापरवाना बाळगणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर कायदा जास्त कडक आहे. ८४ वर्षांच्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि भाच्यालाही.

त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, वारशाने आलेल्याही त्यात मोजून. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. २०१६ च्या नियमांत आणखी एक वाट आहे: परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण काकांच्या मुलीला बंदूक नको आहे. आणि काहीच केलं नाही, तर मुदत संपल्यावर ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावीच लागते.

मी हे सगळं काकांना समजावलं, तेव्हा ते बराच वेळ परवान्याचं पुस्तक चाळत बसले. मग म्हणाले, "म्हणजे बाबांना नागपूर सरकारने जे विचारलं, तेच हे मला विचारताहेत. कुणाला देतोस, आणि त्याला देण्याजोगा आहे का." मी म्हटलं, हो काका, जवळपास तेच.

त्यांनी नूतनीकरणाचा अर्ज भरला. आतेभावाला गोंदियात परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं. त्याला परवाना मिळाला तर काका ठाण्यात पत्र देतील आणि त्या तारखेपासून ४५ दिवस मोजतील. नाही मिळाला तर बंदूक दुकानात जमा होईल. तोवर ती कपाटात आहे आणि किल्ली काकूंकडे आहे.