उत्तर कोकणचा लेख नाशिकच्या डोंगरात

कोकण म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, नाशिक नाही. पण उत्तर कोकणची एक फार जुनी नोंद आपल्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. भरुकच्छ, गोवर्धन, शूर्पारक, म्हणजे भडोच, आपला नाशिक परिसर आणि नालासोपारा, इथं त्यानं धर्मशाळा बांधल्या. नारळाची ३२,००० झाडं दान दिली. आणि पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या.

आम्हाला या नावा महत्त्वाच्या वाटतात. कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून उतरून समुद्राला मिळतात. त्यामुळे किनाऱ्यानं चालणाऱ्याला पुन्हा पुन्हा पाणी आडवं येतं. व्यापारी उतराई देईल. ज्याच्या कनवटीला काही नाही, त्याचं जग मात्र अलीकडच्या काठावर संपतं. फुकट नावेनं त्याच्यासाठीही हा सारा प्रदेश एक झाला. प्रदेश कुणाचा, याचं उत्तर शोधताना आपण राजांची नावं पाहतो, उतारूही पाहावेत.

पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. सत्ता गेली, लेख राहिला. लेणी चढाल तेव्हा तिथं जरा थांबा.