कोआतलिक्वे
ॲझटेकांची भूमाता व युद्धदेव वीत्सिलोपोच्त्ली याची जननी. नावाचा अर्थ ‘सर्पांचे वस्त्र नेसलेली’. ही देवी मुख्यत्वे मेक्सिको शहरातील तिच्या प्रचंड पाषाणमूर्तीमुळे (पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध वा सोळाव्याचा आरंभ) प्रसिद्ध आहे.

कथेप्रमाणे, कोआतेपेक डोंगरावर देवालय झाडत असता सापडलेला पिसांचा गोळा तिने उराशी ठेवला आणि ती गर्भवती झाली. हा कलंक मानून मुलगी कोयोलशाउकी भावंडांसह तिच्यावर चालून आली. तोच वीत्सिलोपोच्त्ली सशस्त्र जन्मला व त्याने बहिणीचे तुकडे केले.

मूर्ती सु. २.५ मी. उंच आहे. मस्तकाच्या जागी समोरासमोर आलेली दोन सर्पमुखे असून त्यांतूनच एक भेसूर चेहरा साकारतो. गळ्यात मानवी हात व हृदये यांची माळ आणि तिला कवटीचे पदक, कमरेला गुंफलेल्या सर्पांचे वस्त्र, पायांस नख्या. काही अभ्यासकांच्या मते, सर्प म्हणजे शिरच्छेदानंतर उसळणारे रक्त होय. लोखंडी अवजारे नसताना ॲझटेकांनी दगडी हत्यारे व घर्षणद्रव्ये यांच्या साहाय्याने ही कामे केली. विशेष म्हणजे मूर्तीचा तळही कोरलेला असून तेथे त्लालतेकूत्ली ही भूदेवता आहे. मूर्ती उभी असता हे शिल्प कोणासही दिसणे शक्य नव्हते; ते भूमीसाठीच होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१३ ऑगस्ट १७९० रोजी, म्हणजे तेनोच्तित्लान पडल्याच्या दिवशीच, २६९ वर्षांनी शहरातील मुख्य चौकाच्या कामात मूर्ती सापडली. आंतोन्यो दे लेओन ई गामा याने तिचे वर्णन १७९२ मध्ये प्रसिद्ध केले. मूर्ती विद्यापीठात नेली. परंतु मूळ रहिवासी तिला फुले-मेणबत्त्या वाहू लागताच ती पुन्हा पुरण्यात आली. स्पॅनिश राजवटीच्या अडीच शतकांनंतरही जुनी श्रद्धा जिवंत होती, याचा हा बोलका पुरावा आहे. त्याच वर्षी सापडलेली सूर्यशिला मात्र कॅथीड्रलच्या भिंतीत उघड्यावर बसविण्यात आली. तिच्यापुढे कोणी हात जोडत नव्हते. पुढे हंबोल्टसाठी मूर्ती काढून पुन्हा पुरली आणि १८२३ मध्ये विल्यम बुलक या इंग्रज प्रदर्शनकाराने तिचा साचा घेतला.

यूरोपीय रूपकल्पनांनी पाहणाऱ्यांना ती दीर्घकाळ केवळ विद्रूप वाटली. हूस्तीनो फेर्नांदेस याने १९५४ च्या ग्रंथात तिच्यातील सौंदर्यविचार मांडला. सांप्रत ती मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात आहे.