मुशीच्या तोंडावरची छिद्रे

मासळीबाजारात मुशी, म्हणजे लहान शार्क, दिसली तर तिचे तोंड जरा निरखून पाहावे. नाकपुड्यांच्या आसपास टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. पाकटालाही ती असतात. दाबल्यास त्यांतून जेलीसारखा पदार्थ बाहेर येतो. कास्थिमय सांगाड्याच्या या माशांना ही छिद्रे कशासाठी असतात, हे समजायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

फ्लॉरेन्सच्या स्तेफानो लोरेन्झिनी याने १६७८ मध्ये टॉर्पेडो या पाकटवर्गीय माशावर ग्रंथ लिहून या छिद्रांचे वर्णन केले. प्रत्येक छिद्रापासून जेलीने भरलेली नळी आत जाते व तिच्या टोकाशी फुगीर कुपी असते. या कुप्यांना आज त्याचेच नाव आहे. रचना कळली, पण कार्य? या चिकट स्राव देणाऱ्या ग्रंथी असाव्यात, असा समज पुढे बराच काळ होता.

मात्र कुप्यांना मज्जातंतू जोडलेले आहेत. म्हणजे हे ज्ञानेंद्रिय असले पाहिजे. सँड याने १९३८ मध्ये दाखवले की, तापमान बदलले की या मज्जातंतूंतील संदेश बदलतात. पुढे ते स्पर्शाला, आणि १९६० मध्ये मरे याच्या प्रयोगांत अतिशय क्षीण विद्युतदाबालाही प्रतिसाद देताना आढळले. आता यांतले खरे कार्य कोणते? मज्जातंतू प्रतिसाद देतो, एवढ्यावरून प्राणी त्याचा उपयोग करतो असे सिद्ध होत नाही.

डच शास्त्रज्ञ काल्माइन याने हा प्रश्न थेट शार्कलाच विचारला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने एक जिवंत चपटा मासा अगरच्या पेटीत घालून वाळूखाली लपवला. अगरमधून वीज जाते, पण मासा दिसत नाही आणि त्याचा वास तेथे वर येत नाही. तरीही शार्कने नेमक्या जागी झडप घातली. अगरवर वीजरोधक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा टाकताच ती वरून निघून गेली. शेवटी माशाऐवजी वाळूत दोन विद्युतअग्रे पुरून तेवढीच क्षीण वीज सोडली. शार्कने त्यांच्यावरही हल्ला केला!

लोरेन्झिनीच्या काळी विजेचे ज्ञान अगदीच अपुरे होते आणि माणसाला असे इंद्रियही नाही. त्यामुळे हा तर्क सुचणेच कठीण होते. वर्गात हा प्रयोग सांगताना पापुद्र्यापाशी थांबावे आणि पुढे काय करून पाहायला हवे, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.