विहिरीतला कटला

उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेकाठचं आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. पळसदेवचं दगडी देऊळ जिथं बुडालं, तिथं आमच्या विहिरीची काय कथा! ७२च्या दुष्काळात, धरणाचं काम चालू असतानाही, आज्यानं ती दोन परस खाली नेली होती. लोक हसायचे. आजा म्हणायचा, "धरण भरंल तवा भरंल. बैलं आज तान्हेली हायती."

नवं गाव वर माळावर वसलं. तेव्हापासून आजा पाण्याच्या काठाला कधी फिरकला नाही. आम्ही पोरं मात्र तिथंच पडीक. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की आधी वाळल्या बाभळींचे शेंडे दिसायचे, मग बांध, मग मोटेची धाव. उघड्या गाळात माणसं गाळपेर करायची, आम्ही गळ टाकायचो. मिळायच्या त्या बोटभर मासोळ्या.

मी अकरा वर्षांचा असेन. वैशाखात एका सकाळी आमच्या विहिरीचं थारोळं उघडं पडलेलं दिसलं. विहिरीचं तोंड गुडघाभर पाण्याखाली. मनात आलं, भोवतीचं पाणी उथळ, तापलेलं. मोठा मासा गारव्याला विहिरीतच बसणार. जोंधळ्याच्या पिठात शेंगदाण्याची पेंड मळून गोळी केली, थारोळ्यावर बसलो आणि दोरा सोडला. सगळी गुंडी संपली तरी बूड लागेना.

ऊन चढलं आणि एकाएकी दोरा असा ताणला, की हाताला चीर पडली. दगडाला पाय लावून मी तग धरला. हातानं आवरेना तेव्हा दोरा खांद्यावर घेतला, पाठ फिरवली आणि धावेवरनं पळत सुटलो. मागं वळून पाहिलं तर गाळात मासा थडाथड उडत होता!

आमच्या भीमेतला मरळ, वाम, शिंगटा गावाला ठाऊक. हा मोठ्या डोक्याचा, रुपयाएवढ्या खवल्यांचा मासा कुणी पाहिला नव्हता. काठावरच्या भोयानं नाव सांगितलं, "कटला हाय. मूळचा गंगंकडचा. धरणात बी सोडल्यालं, त्यातलाच ह्यो." त्याच्याच काट्यावर वजन झालं, साडेपाच किलो.

आजा माळकरी. मासा घरात चालायचा नाही. आईनं परड्यात तीन दगडांची चूल मांडली. आजा लांब लिंबाखाली पाठ करून बसलेला. मी भीतभीत जवळ गेलो.

"कुठं घावला?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"आपल्या हिरीत, आबा."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "वडला कसा?"

मी खांद्यावरचा वळ दाखवला, धावेवरनं पळालो ते सांगितलं. आज्यानं वळावरनं अंगठा फिरवला. "म्हंजी मोटच वडलीस की लेका!"

जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, "बुजली का रं हीर?"

"न्हाई आबा. दोरा संपला, पर बूड न्हाई लागलं."

"कसं लागंल?" आजा म्हणाला. "दोन परस खाली न्हेलीया म्या."

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे काठी टेकत तो काठाकडं निघाला. मला म्हणाला, "चल, थारोळं दाव."