वैनगंगेपलीकडची मोजदाद

वरोऱ्याला आगगाडी थांबते आणि तुमच्यापुढचे रूळ संपतात. साल १९०१, फेब्रुवारी सरत आलेला. नागपूरहून वर्धा, वर्ध्याहून कोळशाच्या खाणींचं हे गाव. चांदा जिल्ह्याचा पुढचा भाग बैलबंडीनं गाठायचा. सोबतीला एक पटवारी आहे. त्याच्या गाठोड्यात शिरगणतीचे छापील कागद, दौत, टाक आणि वाटेपुरते पोहे.

गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा परकोट मागे पडतो, मूल येतं. तलावांखालच्या बांध्यांतलं धान केव्हाच निघालं आहे. पण गावात शिरलात की एखाद्या घराचं छप्पर खाली बसलेलं, चूल विझून वर्ष लोटलेलं. आधी १८९६-९७ चा दुष्काळ पडला. माणसं त्यातून सावरण्याआधीच १८९९-१९०० चा आला. पटवारी अशा घरापुढे क्षणभर थांबतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

वैनगंगा या दिवसांत बहुतेक वाळूच असते. बंडीची चाकं आऱ्यांपर्यंत रुततात, तुम्ही उतरून ढकलता. खाली मार्कंड्याच्या देवळांपाशी नदी उत्तरेकडे वळण घेते. तिथली महाशिवरात्रीची जत्रा नुकतीच उठली आहे. पैलतीरावरची गडचिरोली अजून तहसीलही नाही, ती १९०५ मध्ये व्हायची आहे. तिथून दक्षिणेला चामोर्शी, मग आलापल्लीचा साग, आणि त्यानंतर वाट सांगायला माणूस शोधावा लागतो.

इथे थोडं थांबा. पळस पेटलेला आहे, मोहाला अजून फूल नाही. सकाळी निघून उन्हं कलेपर्यंत चाललात, तेव्हा माडिया आदिवासींच्या पाड्यावरची पहिली कुत्री भुंकली. मोजकी घरं, कुडाच्या भिंती, एका बाजूला गोटूल, पाड्याचं सामायिक घर. उतारावर जंगल तोडून जाळलेला तुकडा दिसतो, कोसरी पेरायचा. दोन-तीन हंगामांनी ती जमीन सोडून दुसरी धरायची. एवढ्या जंगलात एवढीच माणसं का, याचं उत्तर त्या उतारावर आहे. एका घराला पोटापुरतं धान्य हवं तर पेरलेल्या तुकड्याच्या कितीतरी पट रान विसावलेलं राहायला हवं. शिवाय मोह, तेंदू, चारोळी, कंद, नदीतले मासे, शिकार या सगळ्याला फिरायला जागा लागते. परक्या माणसाला जे रान ओस वाटतं, ते पाड्यानं वाटून घेतलेलं असतं. कोणत्या नाल्यापर्यंत आपलं आणि कुठून शेजारच्या गावाचं, हे भूमियाला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, ठाऊक असतं.

मैदानातल्या गावांत १ मार्चच्या रात्री, फाल्गुनाच्या चांदण्यात, कंदील घेऊन माणसं मोजली जातील. इथे रात्री या पाड्यावरून त्या पाड्यावर कोण जाणार? म्हणून मोजणी दिवसाच चालते. पटवाऱ्याला माडिया येत नाही, दुभाष्याला मराठी अर्धवट येते. नाव, धर्म, लग्न, जात, जन्माचं ठिकाण, भाषा, लिहिता-वाचता येतं का. वयापाशी गाडी अडते. समोरची म्हातारी हसते. तिच्या आयुष्याचे टप्पे पूर, देवी आणि वाघ यांवरून लागतात. पटवारी तिच्या चेहऱ्याकडे बघून साठ लिहितो. तुम्ही शेजारी बसून शाई वाळायची वाट बघता आणि तुमच्या लक्षात येतं की कमरेला पोर घेतलेली एक बाई झाडाआडून हे सारं बघते आहे. ती कागदावर आली का? तुम्ही बोट दाखवता, तेव्हा पटवारी पुन्हा टाक बुडवतो.

पुढच्या वर्षी नागपूरच्या सचिवालय छापखान्यात शिरगणतीचे अधिकारी रसेल यांचा मध्य प्रांताचा अहवाल छापला जातो. चांदा जिल्हा: ६,०१,५३३ माणसं. दहा वर्षांत सुमारे १४ टक्क्यांची घट, चौरस मैलाला साठाहून कमी. मूलच्या वाटेवरची ती विझलेली चूल या घटीतच मोडते.

आता वेगानं पुढे चला. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवली जातात आणि सागाच्या कडेला मासळीचा रस्सा शिजू लागतो. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकशात आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून, म्हणजे जुन्या चांद्यापासून, गडचिरोली हा वेगळा जिल्हा होतो. १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार गोवे. कोरची उत्तरेला, सिरोंचा दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या संगमाशी. जिल्ह्याचं ठाणं जवळ आलं म्हणतात, तरी सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरी सुमारे दोनशे किलोमीटर.

१९८८ मध्ये तुम्ही दुसऱ्याच एका मोजणीत सामील होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था गावोगावी जन्मलेली आणि दगावलेली बाळं मोजते आहे. हजार जन्मांमागे १२१ बालमृत्यू. मोजून ही माणसं परत जात नाहीत. पुढच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं जातं, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक छापतं की तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. चालत जाऊन केलेली मोजणी माणसाच्या कामी येते ती अशी. मला या जिल्ह्याच्या इतिहासातली हीच सर्वांत मोलाची मोजदाद वाटते.

२०११ चा फेब्रुवारी. जनगणनेचा आकडा १०,७२,९४२. चौरस किलोमीटरला ७४ माणसं, महाराष्ट्रात सर्वांत विरळ. नागपूर जिल्ह्यात हाच आकडा ४७०. एकट्या नागपूर शहरात या अख्ख्या जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. म्हणून शहरातला माणूस सहज विचारतो, तिथे आहेच कोण, पूल बांधायचा कुणासाठी?

त्याला हिशेब मांडून दाखवा. आदिवासी भागात निकष सैल करून २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ठरलेलं आहे. ७४ च्या घनतेनं २०,००० माणसं गोळा करायला सुमारे २७० चौरस किलोमीटर रान लागतं. माणसं कमी असली म्हणून वाट आखूड होत नाही, उलट तेवढ्याच माणसांसाठी ती लांबते. निकष डोक्यांवर बांधला की तो इथे अपुराच पडणार.

त्यात जुलै-ऑगस्ट आला की पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं तुटतात. तुम्ही अलीकडच्या काठावर उभे आहात. समोर चार माणसांच्या खांद्यावर बाज आहे आणि बाजेवर कळा लागलेली बाई.

तीच बाई जनगणनेच्या जिल्हा हस्तपुस्तिकेत कुठे आहे, शोधा. गावाचं नाव, लोकसंख्या, पुढे सोयींचे रकाने. गावात दवाखाना नसेल तर तो किती लांब, हे एका अक्षरानं नोंदलेलं असतं: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहा किंवा जास्त. त्यापुढे अक्षर नाही. बारा किलोमीटरवरचं गाव आणि साठ किलोमीटरवरचं गाव एकाच खुणेखाली येतं, आणि त्या साठात नदी किती महिने आडवी येते हे विचारणारा रकाना तिथे नाही.