सातेरीची पेटी आणि बायकांची नावं

आमच्या भागात मध म्हणजे गड्याचं काम समजलं जायचं. मान गड्याचा, राबणं दोघांचं. भिवंडीवरून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे तानसा नदीच्या काठाने गेलं की पळस, ऐन, कुसुंब, जांभूळ, करवंदाच्या जाळ्या, असं रान होतं. कातकरी गडी झाडावर चढायचा, ओल्या पाल्याचा धूर करायचा आणि अख्खं पोळं कापून खाली सोडायचा. खाली बाई टोपली घेऊन उभी. पोळं पिळायची ती, फडक्यातून गाळायची ती, बाटल्या घेऊन दारोदार फिरायची तीच. पण मध काढला कुणी? तर गड्याने. पिळताना अंड्या-अळ्याही पिळल्या जायच्या, म्हणजे मधाबरोबर वसाहतही संपायची. त्याला कातकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्या हाती जमिनीचा तुकडा नाही, तो पुढच्या सालाचा विचार कशाच्या जिवावर करणार?

पेटीने हे बदललं, पण फार सावकाश. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने 1851 साली ओळखलं, की दोन पोळ्यांमध्ये ठरावीक फट ठेवली तर माशी ती बुजवत नाही. मग पोळं चौकटीवर बांधून घेता येतं, उचलता येतं, यंत्रात फिरवून मध काढून परत जागेवर ठेवता येतं. आपली सातेरी माशी लहान, तिला लहान पेटी लागते. तशी पेटी तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामात मधमाशी होती. 1946 साली मुंबई प्रांताने महाबळेश्वरला काम सुरू केलं. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आजही तिथंच आहे. 1962 साली पुण्याला मधमाशीची केंद्रीय संस्था झाली. महाबळेश्वरजवळच्या मांघरला मे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथं बहुतेक घरांत पेट्या आहेत.

एवढी सगळी सालं सांगितली, कारण यात आमच्या बायका कुठं आहेत ते मी शोधत होतो. पेटी कमरेएवढ्या उंचीवर असते. तिला झाडावर चढणं लागत नाही, सातबारा लागत नाही. म्हणजे बाईच्या सोयीची वस्तू. तरी आमच्याकडे प्रशिक्षणाची चिठ्ठी आली की नाव बाप्याचंच लिहायचे.

उलटं काम आमच्या शेजारी झालं. विजया पास्तला यांनी 2009 साली ‘अंडर द मँगो ट्री’ ही संस्था काढली. नाव इंग्रजी, अर्थ मात्र आपलाच, आंब्याखाली. पालघर-नाशिककडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी परक्या मेलीफेरापेक्षा आपली सातेरी धरली. बायका पेट्या सांभाळायला शिकल्या, दुसऱ्यांना शिकवायलाही लागल्या. सातेरी पेटीत साल-दोन सालात सोन्याची खाण निघत नाही. पाच-सात किलो मध निघाला तरी चांगलं. पण शेजारच्या काकडी, दुधी, कारल्याला फळ धरतं ते माशीमुळे. वेलाची नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी, कुणीतरी पराग नेऊन द्यायलाच हवा.

आमच्या घरच्यांच्या बचत गटाने पाच पेट्या घेतल्या, त्या हे ऐकूनच. गटात आगरी, कुणबी, कातकरी सगळ्या. वसाहत शोधायची वेळ आली तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या गप्प बसल्या आणि पाड्यावरची कातकरीण पुढं झाली. मला म्हणाली, “दादा, माशी पाणी प्यायला कुठं येते ती जागा बघायची. मग ती उडून कुठल्या अंगाला जाते ते बघायचं. बाकी काय नाय.” दोन दिवसांत तिने एका जुन्या जांभळाच्या ढोलीतून वसाहत काढून दिली. राणी सापडली की बाकीच्या मागोमाग येतात. ढोलीतलं पोळं कापून चौकटीला केळीच्या सोपटाने बांधलं, एकही अळी चिरडू दिली नाही. जिच्या घरात पोळी पिळून पोट भरलं, तिचेच हात ते.

पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, नाहीतर मुंग्या चढतात. पावसाळ्यात फुलोरा नसला की साखरेचा पाक द्यायचा. मेणकिडा लागला का बघायचं. हे सगळं गटात वाटून घेतलंय. पहिल्या मधाचे पैसे आले तेव्हा कुणाच्या नवऱ्याला विचारावं लागलं नाही, कारण गटाचं खातं बायकांच्या सहीचं.

आता अडचण निराळीच आहे. मुंबईची जकात चुकवायला माल भिवंडीच्या हद्दीत उतरायला लागला आणि शेतात गोदामं उभी राहिली. 2017 साली जकात गेली, गोदामं राहिली, उलट वाढली. जमिनी विकताना सह्या बाप्यांच्या, पैसा गाडीला आणि हळदी-लग्नाला. काकडीचे वेल गेले, तिथं माशीने काय खायचं? सातेरीला फुलं नसली की ती भांडत बसत नाही, सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. मागच्या साली दोन पेट्या अशाच रिकाम्या झाल्या.

गटाच्या बायकांनी राहिलेल्या तीन पेट्या नदीकडच्या करवंदांच्या बाजूला, पाड्याजवळ नेल्यात. बैठकीत आता एकच विषय असतो. पाड्यामागचा माळ गटाला भाड्याने मिळतो का? मालक म्हणतो, गोदामवाला जास्त देतोय. बायकांनी त्याच्या बायकोला गटात घेतलंय.